डॉक्टरची मिशी

थोरल्याचं केस कापायचं दुकान, शिक्षण सातवीपर्यंत आणि मिशी अशी की गिऱ्हाईक आधी तिच्याकडे बघायचं, मग खुर्चीत बसायचं. पण त्याला खरा अभिमान धाकट्या बहिणीचा. ती कॉमिक्स काढायची. "पोरीच्या हातात जादू आहे," असं तो गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा फिरवता फिरवता सांगायचा, त्यामुळे कुणी वाद घालत नसे.

तिच्या गोष्टींत कुणी ना कुणी दवाखान्यात जायचंच, आणि तिथला डॉक्टर म्हणजे हुबेहूब थोरला. तोच तिच्यासमोर बसायचा ना. ऑपरेशनच्या चित्रातसुद्धा मास्क हनुवटीखाली. "मिशी झाकलीस तर मी कसला मी?" हे त्याचं म्हणणं, आणि दादापुढे तिचं काही चालत नसे.

मग मुलांच्या हॉस्पिटलनं तिला विचारलं. ऑपरेशनला घाबरणाऱ्या पोरांसाठी गोष्ट हवी होती. एवढं मोठं काम तिला पहिल्यांदाच येत होतं, पण चित्रं तिथल्या मुख्य नर्सला पटली तरच. थोरला दुकान बंद करून बरोबर गेला.

नर्सनं पानं उलटली. "सलाईनची बाटली हाताच्या खाली टांगलीय. अशानं आत काही जायचं नाही, उलट रक्त नळीत चढेल."

"घरी दादाला पलंगावर बसवून काढलं, खिळा तेवढाच खाली होता," धाकटी म्हणाली. "वर घेते."

"आणि हे डॉक्टर मास्क गळ्यात घालून पोट उघडतायत?"

"चेहरा दिसला की पोरांना धीर येतो," थोरला मध्ये बोलला.

"येतो. मग खरा डॉक्टर तोंड झाकून आला की तेच पोर रडून गोंधळ घालतं. निस्तरायचं आम्ही. हे असं चालणार नाही."

धाकटीनं पेन्सिल काढली, पण कागदाला टेकवली नाही. दादाकडे बघत राहिली. त्यानं मिशीवरून एकदा हात फिरवला.

"बघतेस काय? झाक," तो म्हणाला. "पण भुवया चांगल्या दाट ठेव."

"टोपी भुवयांपर्यंत येते," नर्स म्हणाली.

"मॅडम, थोडं तरी राहू द्या की माझं."

नर्सला हसू आवरलं नाही. डोळे तेवढे राहिले. काम मिळालं.

ते पान आता दुकानात आरशाशेजारी चिकटवलंय. गिऱ्हाईक विचारतं, यात तुम्ही कुठं?

"हा काय," थोरला बोट ठेवतो. "मास्क नीट घातलाय, म्हणून ओळखू येत नाही. आमच्या घरचं काम चोख असतं."