पावडर किती आंबट?

लॅबमध्ये किस्से ओलाव्यासारखे साठतात राव! दार लावा, खिडक्या लावा, कुठून तरी आत शिरतातच. पाच वर्षं युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये काढली. त्यातली निम्मी पावडरीतला ओलावा घालवण्यात गेली. ओलावा गेला, किस्से राहिले. तेव्हा रडकुंडीला आलो होतो. आता सुटलोय, म्हणून हसून सांगतोय.

आधी काम सांगतो, लई सोपंय. आमची पावडर म्हंजे कॅटॅलिस्ट, रिअ‍ॅक्शनला पळवणारी. दिसायला मैदा. पण आतून मधाच्या पोळ्यासारखी भोकंच भोकं, आणि त्या भोकांत अ‍ॅसिडच्या, म्हंजे आंबट जागा. त्या आहेत का, किती आहेत, ते मोजायचं. आमच्या शेजारचे काका म्हणाले, "हात्तिच्या! लिटमस लाव की!"

काका, लिटमस भोकात शिरत नाय ना! म्हणून पिरिडिन नावाच्या औषधाची वाफ सोडायची. ती आत शिरते आणि आंबट जागा दिसली की तिथं बसते. मग पावडर इन्फ्रारेड मशीनमध्ये ठेवायची. वाफ बसली असली तर ग्राफवर पंधराशे पंचेचाळीसच्या आकड्याला एक टोक येतं. त्याला आम्ही पीक म्हणतो.

हा पीक पाहिजे होता नाझनीन आपाला. आपा म्हंजे लॅबमधली सगळ्यात सीनियर. तिचा पेपर जर्नलकडनं परत आला होता, एकाच शेऱ्यासकट: पावडर आंबट आहे हे आधी दाखवा. पेपर नाय तर थीसिस नाय. थीसिसची मुदतवाढ शेवटची, आणि हातात एक महिना. पाच वर्षांची मेहनत एका टोकाला लटकलेली!

*

पावडर दाबून तिची चकती करायची असते. पापड जाड वाटेल एवढी पातळ. जोरात श्वास सोडला तरी उडते. त्यामुळं चकती करताना पंखा बंद. मे महिना, संभाजीनगरचं ऊन, आणि पंखा बंद!

हा नियम लॅबमधल्या देशमुख काकांचा. काका मशीनचे ऑपरेटर, रोज पैठणहून एसटीनं अप-डाऊन. मशीन त्यांचं, राज्य त्यांचं. त्या दिवशी आपानं सात चकत्या मोडून आठवी अख्खी काढली. आम्ही तिघं श्वास धरून उभे. तेवढ्यात धाडकन दार उघडून आमचे गाईड सर आत आले, "काय, कुठपर्यंत आलं?"

चकती उडाली. थेट कपाटाखाली.

सर भडकले, "दार कुणी उघडं टाकलं?"

काका शांतपणे म्हणाले, "आत्ता जे आत आले ना सर, त्यांनी."

*

पुढची चकती मी केली. आपा म्हणाली, "तुझा हात हलका आहे." मी फुगलो. चकती मशीनमध्ये गेली, ग्राफ आला, आणि तीन हजारच्या जरा अलीकडं दोन मस्त जोडपीक! मी ओरडलो, "आपा, काहीतरी आलं!"

काकांनी ग्राफ बघितलाच नाय. माझ्या डोक्याकडं बघत राहिले.

"आज डोक्याला तेल लावलंय?"

"व्हय काका. आईनं लावलं, जबरदस्ती."

"आणि मग केसातून हात फिरवून चकती उचलली. हे खोबरेल तेलाचे पीक हायेत लेका! ह्यात आपाची पावडर नाय, तुझी आई दिसायलीय!"

*

आईवरनं आठवलं. पिरिडिनचा वास म्हंजे सडलेली मासळी. साबण लावा, लिंबू चोळा, जात नाय. आम्ही गारखेड्यात राहतो, घरात अंडंसुद्धा येत नाय. रोज संध्याकाळी दारातच आईची चौकशी सुरू.

"कुठं खाऊन आलास?"

"आई, लॅबमधून आलो."

"लॅबमध्ये आता मासे तळायलेत का?"

शेवटी एक दिवस ती स्वतः डबा घेऊन लॅबमध्ये आली. म्हणाली, बघतेच. नेमकी आपा पिरिडिनची बाटली बंद करत होती. आईनं एक श्वास घेतला, पदर नाकाला लावला, डोळ्यांत पाणी आलं.

मी म्हटलं, "पटलं ना आता?"

ती म्हणाली, "पटलं रे बाबा. पण ह्यापेक्षा तू खरंच मासे खाल्ले असते तर बरं झालं असतं!"

आणि जाताना आपाच्या डोक्यावरून हात फिरवून गेली.

*

आता खरी गंमत. म्हंजे तेव्हा गंमत नव्हती.

चकती नीट, हात धुतलेले, ओलावा काढलेला, सगळं बरोबर. तरी पीक येईना! एकदा नाय, तीनदा. पंधराशे पंचेचाळीसला सपाट मैदान, आणि चौदाशे चाळीसच्या आसपास भलताच एक पीक ठाण मांडून बसलेला. सर म्हणाले, "नाझनीन, कदाचित पावडर आंबट नसेलच." एवढंच म्हणाले आणि निघून गेले. महिन्यातले नऊ दिवस उरले होते.

आपा रडली नाय. तिनं टेबल आवरायला घेतलं, एकेक बाटली पुसून जागेवर ठेवायला लागली. ते रडण्यापेक्षा बेकार होतं.

काका उठले. पावडरीचं कपाट उघडलं आणि वास घेतला. मग खालच्या कप्प्यातून एक बाटली काढली. अमोनिया. झाकण अर्धवट.

"आपा, तुम्ही पैठणच्या एसटीत कधी बसलाय? गाडी फलाटाला लागायच्या आत लोक खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात. मग तुम्ही तिकीट घेऊन चढा नायतर उडी मारून चढा, जागा नाय. तुमची पिरिडिन बिचारी आत जायली आणि उभ्यानं परत यायली. सगळ्या सीटवर अमोनियाचे रुमाल! तो चौदाशे चाळीसचा पीक त्याचाच."

"पण काका, आपण तर तापवतो ना दर वेळी?"

"दीडशेला. तेवढ्यानं पाणी उतरतं. अमोनिया चिवट हाय, पाचशेला तापवा, मग उतरंल खाली."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. कारण ती बाटली वापरणारा लॅबमध्ये एकच माणूस होता.

"आपा... झाकण मीच..." वाटलं, आता ही पाच वर्षांचा हिशेब माझ्या थोबाडावर करणार.

आपा उठली. डोळे एवढे मोठे. "म्हणजे अमोनिया एवढा घट्ट धरून बसलाय?"

"व्हय..."

"अरे येड्या, आंबट जागा नसती तर तो बसलाच नसता! म्हणजे पावडर आंबटच आहे ना! लई आंबट आहे!"

आणि मग मला लॉगबुकनं बडवलं. पण हसत हसत!

*

दुसऱ्या दिवशी पाचशेला तापवलं. दिवसभर कुणी चहालासुद्धा गेलं नाय. वाफ सोडली, ग्राफ सरकायला लागला. सोळाशे... पंधराशे नव्वद... पंधराशे साठ... आणि आला! टोकदार, उभा, बघत राहावं असा! सर दाराबाहेर उभे. दार जरासं ढकलून, कुजबुजत, "येऊ का आत?"

काका म्हणाले, "आता या. आता पंखा पण लावा."

पेपर गेला, एकाच शेऱ्याचं उत्तर होतं म्हणून आठवड्यात घेतलाही गेला. थीसिस मुदतीच्या आदल्या दिवशी जमा. त्या दिवशी मी घरी जाऊन आधी झोपलो, मग जेवलो!

*

आणि मग आपाचा व्हायव्हा, म्हंजे तोंडी परीक्षा. उघडा असतो तो, कुणीही येऊन बसा. आपाचं अख्खं खानदान आलं होतं, पहिल्या रांगेत तिचे अब्बा, इस्त्रीची शेरवानी घालून. अब्बांचं औरंगपुऱ्यात लोणच्याचं दुकान. एक्सटर्नल म्हंजे बाहेरून आलेले परीक्षक, पांढऱ्या केसांचे, तोंडावर हसू औषधालाही नाय. त्यांनी तासभर आपाला पिळलं. आपानं सगळी उत्तरं दिली. शेवटी रिवाजाप्रमाणं ते म्हणाले, "श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचंय?"

हे नुसतं म्हणायचं असतं. कुणी विचारत नाय. अब्बा उभे राहिले.

"साहेब, माफी असावी. आमच्या धंद्यात आंबट किती ते जबानवर बघतात. ह्या पोरीनं पाच साल मशीनमध्ये बघितलं. ही पावडर कधी चाखून बघितली का?"

आमच्या लॅबचा पहिलाच नियम: काहीही तोंडात घालायचं नाय. सरांनी डोळे मिटून घेतले.

एक्सटर्नल आपाकडं वळले. "चाखली?"

आपा खाली बघून म्हणाली, "एकदा, सर."

आमचे सर खुर्चीतून अर्धे उठले.

"आंबट लागली?"

"नाही सर. आंबट नाही. भोकांनी थुंकी ओढली आणि जिभेला चिकटली. सुटेचना."

एक्सटर्नलनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. रिपोर्ट पुढं ओढला आणि सही करता करता म्हणाले,

"बरोबर. माझ्याही चिकटली होती."