अर्जंट दादूसची बग्गी

दादूस आमच्या कारखान्यात आले की पहिल्यांदा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे आणि मग माझ्याकडे. नमस्कार नाही, कसा आहेस नाही. "भट्टीवाल्या, अर्जंट हाय," एवढं म्हणून हातातली पिशवी टेबलावर आपटायचे. खुर्ची पुढे केली तर तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहायचे. चहासुद्धा चालता चालता. अर्धा कप गेटपाशी संपायचा आणि उरलेला कंपाउंडच्या भिंतीवर ठेवून ते निघून जायचे. आमच्या कामगारांनी त्यांचं नाव अर्जंट दादूस पाडलं, ते अगदी फिट्ट बसलं.

अंबरनाथच्या एमआयडीसीत माझा छोटा कारखाना आहे. पोलादाचे सुटे भाग भट्टीत लाल करायचे, तेलात बुडवून कडक करायचे आणि मग पुन्हा मंद आचेवर ठेवून त्यांचा ठिसूळपणा घालवायचा, हा आमचा धंदा. या दुसऱ्या तापवण्याला टेंपरिंग म्हणतात. त्याला दोन तास लागतात आणि दोन तास म्हणजे दोन तास. माझा स्वभावही या धंद्यानं तसाच झालाय. हेंद्रेपाड्यातल्या आमच्या घरी बायको म्हणते की मला भाजी आणायला पाठवलं तर ती वाटेतच शिळी होते. असा मी, आणि समोर दादूस. आमचं जमलं कसं, हे मला अजून कळलेलं नाही.

पिशवीत कायम एकच वस्तू असायची, दात तुटलेला गिअर. त्यामागे होत्या वहिनी, म्हणजे दादूसच्या बायको. पालेगावातली त्यांची शेतं टॉवरांखाली गेली होती. उरला होता टेकाडावरचा पाच-सहा गुंठ्यांचा तुकडा आणि त्यावर वहिनींचा मळा. शिराळी, काकडी, कारली. लग्न होऊन आल्यापासून तो त्यांनीच राखला होता. मग त्यांचे दोन्ही गुडघे गेले. वरचा रस्ता डंपरांनी उखणून टाकलेला, खाली भुसभुशीत मुरूम आणि त्यातून डोकी काढलेले दगड. तिथं रिक्षा येईना आणि मोटारसायकलवर त्यांना टांग टाकता येईना. दीड वर्ष त्या घरात बसून होत्या. "माजा मांडव पडला असंल," म्हणून रोज डोळ्यांना पदर लावायच्या. दादूसना ते बघवेना. "मी तुला गाडीत बसवून वर नेतो," असं ते एक दिवस बोलून बसले आणि त्यानंतर त्यांना झोप म्हणून लागेना.

उल्हासनगरच्या भंगारवाल्याकडून त्यांनी मोटारसायकलचं इंजिन आणलं. पाइप वाकवून सांगाडा केला, त्याला चार जाड टायर लावले आणि वहिनींना चढता यावं म्हणून अगदी बुटकं सीट बसवलं. महिन्याभरात बग्गी उभी राहिली. तिला रिव्हर्स गिअर नव्हता, कारण मोटारसायकलला तो नसतोच. मी विचारलं, "दादूस, मागे कशी घेणार?"

"मांगं कशाला जायाचं?" ते म्हणाले.

पण मोटारसायकलचा गिअरबॉक्स केलेला असतो हलक्या गाडीवर दोन माणसं न्यायला. त्याच्यावर हा लोखंडी सांगाडा आणि टेकाडाचा चढ लादल्यावर तो किती सोसणार? त्यात दादूस गाडी उचलायचे दुसऱ्या गिअरवर. "पयल्यावर निस्ती बोंब, गाडी काय जात नाय," असं त्यांचं ठाम मत. रिकामी बग्गी टेकाडावर घालून बघायचे आणि दर पंधरा दिवसांनी दुसऱ्या गिअरचे दात तोडून, का तुटले ते विचारायला तो माझ्याकडे घेऊन यायचे. भंगारवाला सिंधी साईंसुद्धा कंटाळला. "दादूस, गियर खाते हो क्या? पिछली बार तो ओरिजिनल से भी अच्छा वाला दिया था!" शेवटी दादूसनी चांगल्या पोलादाचा नवा गिअर कापून घेतला आणि माझ्याकडे आणला. "दगडासारका कर. तुटलाच नाय पायजे." मी दहा वेळा सांगितलं की नुसतं कडक केलं तर काचेसारखं फुटतं. ऐकतो कोण!

सकाळी अकराला गिअर तेलातून बाहेर निघाला.

"झाला?"

"कडक झाला. आता टेंपरिंग. दोन तास."

"दोन तास? अरे, तिनं सकालपासून नेसायचं लुगडं काढून ठेवलंय! मना अजून इंजिन बांदायचंय. उजेड असंपर्यंत वर गेलं पायजे."

मग त्यांच्या येरझारा सुरू झाल्या. भट्टीपाशी, गेटपाशी, माझ्या पाठीमागे. घरून चार वेळा फोन आला. दर वेळी ते फोन माझ्या तोंडासमोर धरायचे आणि म्हणायचे, "तूच सांग तिला." मी वैतागलो. म्हटलं, घेऊन जा एकदाचे. इतक्या वर्षांच्या धंद्यात टेंपरिंगशिवाय माल मी कुणालाही दिला नव्हता. तो त्या दिवशी दिला, केवळ त्यांच्या चुळबुळीतून सुटका व्हावी म्हणून. हे लिहिताना आजही मला लाज वाटते.

संध्याकाळी टेकाडाच्या अर्ध्यावर चाकं मुरमात गरगरा फिरली, एका दगडावर पकड बसली आणि त्या एका हिसक्यात गिअरचे दात खळ्ळकन गेले. बग्गी मागे घसरत येऊन एका धोंड्याला अडली. उलटली नाही, हे नशीब. वहिनींना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चार माणसांनी खाली आणलं. मळा तिथून दीडशे पावलांवर होता. त्यांना तिथून वेलाचं हिरवं दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी मी पालेगावला माफी मागायला गेलो. दादूस अंगणात फेऱ्या मारत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. वहिनींनीच हाक मारली. "भावजी, चूक तुमची नाय. या मानसाला दम नाय. पन येक सांगू? चाक दगडावर बसलं का धक्का सरल माज्या मनक्यात येतो. मी बसताना उशी घेते. तुमच्या त्या दातांना उशी नाय का कुठं?"

मी उठलो आणि बग्गीखाली वाकलो. मोटारसायकलच्या मागच्या चाकात, साखळीची चकती जिथं बसते तिथं, रबराचे जाड तुकडे असतात. रस्त्याचा हिसका ते गिळतात म्हणून तो गिअरपर्यंत पोचत नाही. दादूसनी ते काढून टाकून चकती थेट आसाला वेल्डिंग करून टाकली होती. इतके महिने मी त्यांचे तुटके गिअर बघत होतो, पण गाडी बघायला एकदाही आलो नव्हतो.

"रबर कुठंय, दादूस?"

"भंगारात. ताकद सरल जायाला पायजे, मदी लुडबूड कशाला?"

मी त्यांच्यावर ओरडलो. वयाचा मान वगैरे विसरून, अंगणात चार माणसं जमतील इतका ओरडलो.  ते चपला घालून उल्हासनगरला गेले आणि दुपारपर्यंत मागच्या चाकाचा अख्खा ड्रम रबरासकट घेऊन आले.

नवा गिअर कापला, कडक केला, टेंपरिंगला लावला. "दोन तास," मी म्हटलं. दादूसनी मान डोलावली, बाहेर पडले आणि जांभूळ गावच्या रस्त्याला चालत सुटले. दोन तासांनी घामानं निथळत परत आले. बसणं काही त्यांना जमलं नव्हतं, पण माझी वेळ त्यांनी पाळली.

त्या रविवारी मी बग्गीच्या बाजूनं चालत होतो. चालत, कारण गाडी पहिल्या गिअरवर होती. वहिनी मागून दादूसच्या सदऱ्याचं टोक धरून दटावत होत्या, "पयलाच ठेवा. पयलाच." घरापासून वर पोचायला पाऊण तास लागला. मांडव खरंच पडला होता. वहिनींनी खाली उतरवायला लावलं आणि मातीत बसून, पुढे पुढे सरकत, वेलाच्या बुडातलं गवत उपटायला लागल्या. एकीकडे रडत होत्या आणि एकीकडे दादूसना शिव्या देत होत्या की मांडवाचे बांबू कुणी नेले. दादूस बांबू आणायला धावले. मला रडू आवरेना.

त्यानंतर तीन वर्षं आठवड्यातून दोनदा बग्गी वर जात होती. पिशवीतून गिअर यायचा बंद झाला. शिराळी, काकड्या यायला लागल्या, टेबलावर तशाच आपटलेल्या.

गेल्या थंडीत वहिनी आजारी पडल्या आणि दहा दिवसांत गेल्या. महिन्याभरानं दादूस आले. हातात नुसता गिअर होता, तेलानं माखलेला. म्हणाले, "घरात काय सुचत नाय. हाताला कायतरी पायजे म्हनून इंजिन खोललं. बघ जरा."

मी तो पुसला, भिंगाखाली धरला, एकेक दात फिरवून बघितला. कानस लावून पाहिली, ती घसरून गेली, म्हणजे कडकपणा शाबूत. कुठं ओरखडा नाही, कुठं चीर नाही. कारागिराचा आनंद मोठा वाईट असतो, तो वेळ-काळ बघत नाही. "नव्यासारखा आहे, दादूस," मी म्हणालो. "अजून दहा वर्षं याला हात लावायला नको."

त्यांनी तो माझ्या हातातून घेतला आणि तळहातावर ठेवून वजन केल्यासारखा हलवला.

"तिच्यापरीस जास्त टिकला, मेला," ते म्हणाले.