झबल्याचा खिसा

आमच्या मावला गावात शिवणकाम करणाऱ्या मावशी माप घेण्याआधी वय विचारतात. ओठांत दोन टाचण्या धरूनच बोलतात, त्यामुळे त्यांचं बोलणं झोपेतून आल्यासारखं वाटतं. हैदराबादला त्यांच्या दहा वर्षांच्या पोरीचं यकृत बदललं, तेव्हापासून तसल्या ऑपरेशनला निघालेल्या लेकरांचे कपडे त्याच शिवतात.

"मोठे पोरं लवकर उठून चालतात. पोटातल्या नळीची पिशवी ठेवाले त्यायले खिसा लागते. लहानगं लय दिवस पडून राह्यते, त्याले नुसत्या नाड्या पुरतात."

त्याच ऑपरेशनला निघालेलं माझं बाळ आठ महिन्यांचं. तरी त्याच्या पिवळ्या झबल्याला त्यांनी इवलासा खिसा लावला. माझं डोकंच फिरलं. "याले खिसा काऊन?" त्यांनी दातांनी दोरा तोडला आणि झबलं माझ्या हाती दिलं.

बाळाच्या ऑपरेशननंतर दवाखान्यात, तसंच ऑपरेशन झालेली बारा वर्षांची एक मुलगी पिशवी खिशात घालून माझ्यासमोरून चालत गेली. बाळ अजून काचेपलीकडे, श्वासाच्या यंत्रावर होतं. दिवस कापसाच्या म्हाताऱ्यांसारखे तरंगत जात. मी मांडीवर झबलं घेऊन त्या रिकाम्या खिशात बोट घालून बसायची. "लहानगं लय दिवस पडून राह्यते," मावशींच्याच आवाजात स्वतःला सांगायची.

वर्षभरानं आम्ही त्यांच्याकडे गेलो. झबलं आता पोटावर आखूड झालं होतं. मशीनला धरून बाळ दोन पावलं चाललं, त्यानं खाली पडलेली लाल चिंधी उचलली आणि मोठ्या खटपटीनं खिशात कोंबली.

मावशींनी टाचण्या तोंडातून काढल्या.

"याच्यासाठी वं, बाई."