दोन घरचं पिठलं

किसनरावांच्या बायकोनं दुसरी भाकरी ताटात टाकली आणि मला घाम फुटला. भाकरी झकास होती. नुकतीच तव्यावरून उतरलेली, पापुद्रा टम्म फुगलेला. अडचण एवढीच की अर्ध्या तासापूर्वी मी शेजारच्या घरी, त्यांचे थोरले भाऊ गणपतराव यांच्याकडं, दोन भाकरी खाऊन आलो होतो. इथंही बरोबर दोनच खायच्या, ही माझी सरकारी ड्यूटी होती.

मी सर्व्हेअर होतो. गोष्ट सत्तरच्या दशकातली, हिंगोली परभणी जिल्ह्यात होतं तेव्हाची. एका शेताची हद्द कुठं संपते आणि दुसऱ्याची कुठं सुरू होते, ते मोजून दाखवणं हे आमचं काम. आमची हत्यारं म्हणजे एक लोखंडी साखळी, एक जुना नकाशा आणि शिव्या ऐकून घ्यायची तयारी. साखळी ओढायला माझ्याबरोबर चेनमन रहीमभाई असत. माझी नोकरी प्रोबेशनवर होती, रहीमभाईंची जुनी. त्यामुळं घाबरायचं काम माझ्याकडं होतं.

वारंगा फाट्यावरून आत एक गाव आहे. नाव सांगत नाही, त्या घरची नातवंडं अजून तिथंच नांदतात. गणपतराव आणि किसनराव हे तिथले सख्खे भाऊ. वाटणी झाली, घराच्या मधोमध भिंत आली आणि शेताच्या मधोमध बांध. बांधाला लागून एक गाडीवाट होती. ती किसनरावांची निघाली तर त्यांची बैलगाडी सरळ शेतात जाणार. गणपतरावांची निघाली तर किसनरावांनी नाल्याला वळसा घालून जायचं. या वाटेपायी चार वर्षं भाऊ भावाशी बोलत नव्हता आणि जाऊ जावेशी.

माझ्या आधी एक सर्व्हेअर जाऊन आला होता. मोजणीही चोख केली होती. पण त्यानं एका घरी चहा घेतला, दुसऱ्यानं तक्रार ठोकली आणि सगळी मोजणी रद्द झाली. आमचे इन्स्पेक्टर साहेब फार वैतागले होते.

"खिल्लारे, तिथं चहासुद्धा घेऊ नका," ते म्हणाले.

"साहेब, तीन दिवसांचं काम आहे. उपाशी राहू?"

"मग दोघांकडं बराबर खा. तक्रार आली तर तुमचं कन्फर्मेशन विसरा."

घरी म्हातारी आई आणि लग्नाची बहीण. कन्फर्मेशन विसरणं मला परवडणारं नव्हतं. म्हणून दोन्ही घरी सांगून टाकलं, दोन्हीकडं जेवीन आणि दोन्हीकडं सारखंच जेवीन.

आता बसण्याची गोष्ट. माझ्या पिशवीत माझा स्वतःचा गिलास असायचा. आम्ही बौद्ध. गावोगाव पाणी वरून ओतून मिळायचं. गिलास असला की निदान शर्टाची बाही भिजत नसे. पहिल्या दुपारी गणपतरावांनी मला ओसरीत बसवलं, पत्रावळीवर वाढलं. रहीमभाई बाजूलाच. मला नवल वाटलं नाही. पिठलं, भाकरी, ठेचा आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. पिठल्याला आमच्याकडं बेसनही म्हणतात. जेवून हात धुतला आणि भिंतीपलीकडं किसनरावांच्या दारात गेलो.

"थोरल्यानं कुटं बसवलं तुमाला?" त्यांनी विचारलं.

"ओसरीत."

"ओसरीत? सरकारी मानसाला ओसरीत?" हे ते माझ्याशी बोलत नव्हते, भिंतीशी बोलत होते. "चला, आत चला. आमच्याकडं आसं नसतंय."

मी उंबरठ्यावर थबकलो. त्यांची बायको चंद्रकला पिठाच्या हातानं उभी राहिली. तिनं माझ्याकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं, मग कोपऱ्यातला पाट ओढला आणि म्हणाली, "बसा." त्या पाटावर बसूनच मी ती घाम फोडणारी दुसरी भाकरी खाल्ली.

बातमी संध्याकाळपर्यंत थोरल्या घरी पोचली. पोचायला लांब जायचंच नव्हतं.

"त्यानं आत बसवलं म्हनं?" गणपतरावांनी विचारलं.

"हो."

"आत काय बसवायचं? आमच्याकडं पाव्हना चुलीपाशी बसतो. पहिल्यापासून."

त्यांची बायको सरूबाई तोंडाला पदर लावून हसली. पहिल्यापासून म्हणजे त्या क्षणापासून, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही. मी चुलीपाशी बसलो. तासाभरानं किसनरावांकडंही चुलीपाशीच बसलो. त्यापुढं बसवायला दोन्ही घरांत जागा उरली नव्हती.

खरं सांगतो, मला हसू आवरत नव्हतं आणि आतून चीडही येत होती. हा मान माझा नव्हता, भावाला खाली दाखवायला मी सापडलो होतो इतकंच. पण चुलीपाशी बसून जेवण्याची मजा ज्यानं घेतलीय त्याला विचारा. एक भाकरी तव्यावर, एक निखाऱ्याला लावलेली, पिठलं कढईत रटरटतंय, कढईला धरलेली खरवड उलथण्यानं काढून ताटात येतेय. चीड किती वेळ टिकवणार माणूस?

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरल्या घरातून तुपात रवा भाजल्याचा वास आला. माझं धाबं दणाणलं. इकडं शिरा झाला तर तिकडं पुरण होणार, तिकडं पुरण झालं तर इकडं अजून काहीतरी, आणि मी बांधावर आडवा होणार. मी दोन्ही दारांत उभा राहून ऑर्डर काढली. दोन्ही घरी फक्त पिठलं आणि भाकरी. दोन्ही वेळ. आणि मी कुणालाही चांगलं म्हणणार नाही.

रहीमभाई हळहळले. "साब, शिरा तो खाने देते. हमारा कौन गिनता?"

खरंच त्यांचं कुणी मोजत नव्हतं. ते दोन्हीकडं मनसोक्त हाणायचे आणि पोटावरून हात फिरवत साखळी ओढायचे.

माझ्या ऑर्डरीनं शांतता होईल असं वाटलं होतं. कसलं काय. पिठल्यातच लढाई जुंपली. इकडं फोडणी चुर्र झाली की तिकडं हात थांबायचा. चंद्रकला नाक वर करून वास घ्यायची. "लसून टाकून राहिली वाटतं," असं म्हणून स्वतः दुप्पट टाकायची. मग भिंतीपलीकडून सरूबाईचा खलबत्ता वाजायचा, शेंगदाण्याचा कूट चालू. मिरच्यांचा ठसका दोन्ही घरांत एकदमच उठायचा. एका जावेला शिंक आली की दुसरीलाही यायची. चार वर्षं बोलत नव्हत्या, पण एकमेकींच्या कढईत काय शिजतंय ते दोघींना मिठासकट माहीत असायचं.

सगळ्यात अवघड होतं ते तोंड बंद ठेवणं. पिठलं जिभेवर ठेवलं की डोळे मिटायचे, ते जबरदस्तीनं उघडे ठेवावे लागत.

"कसं झालंय?" सरूबाई विचारायची.

"बरं हाय."

"बरं म्हंजे?"

"बरं म्हणजे बरं, मावशी."

"तिच्यापरीस?"

"ते शासनाला सांगता येत नाही."

"काहून? शासनाला जीभ न्हाई व्हय?" असं म्हणून ती निखाऱ्याला लावलेली भाकरी थोडी जोरातच फिरवायची.

तिसऱ्या दिवशी दुपारची जेवणं उरकून आम्ही शेवटची साखळी टाकली. पहिले दोन दिवस हद्दीचे जुने दगड शोधण्यात गेले होते. दगड पक्का सापडला की बाकी हिशोब सोपा असतो. दगड सापडले, नकाशाशी जुळले, रहीमभाईंनी निशाणीच्या खुंट्या ठोकल्या. निम्मं गाव बांधावर जमलं होतं. दोन्ही जावाही आल्या होत्या, एक या टोकाला, एक त्या टोकाला. मी निकाल सांगितला. गाडीवाट किसनरावांची.

गणपतरावांचा चेहरा उतरला, मग तापला.

"आपली हरकत हाय," ते म्हणाले. "साहेब तिकडं जास्ती जेवले. मोजणी त्यांच्या बाजूनं झाली."

"गणपतराव, दोन्हीकडं दोनच भाकरी. गाव साक्षीला आहे."

"आज तिकडं ढेकर दिला तुमी. म्या भिंतीला कान लावून ऐकला. आमच्याकडं दिला का ढेकर? न्हाई दिला."

लोक गंभीरपणे माझ्याकडं बघू लागले. ढेकर दिला होता, हे खरं होतं. चार भाकरी पोटात गेल्यावर ढेकर कुठल्या घरी यावा हे माझ्या हातात नव्हतं, पण असं रिपोर्टात लिहिता येत नाही. हरकतीचा कागद झाला की माझं कन्फर्मेशन गेलं, हे मला डोळ्यासमोर दिसत होतं.

तेवढ्यात सरूबाई पुढं आली. तिला बघून मला वाटलं, आता ही नवऱ्याला साथ देणार.

"काय म्हनून राहिले तुमी?" ती नवऱ्याला म्हणाली. "माझ्या चुलीवरून मानूस कमी जेवून उठला? चारचौघांत असं सांगता?"

"अगं, तू गप. हरकतीचं हाय हे."

"खड्ड्यात गेली हरकत. माझी एक भाकर म्हंजे तिच्या दीड भाकरी. दोन खाल्ल्या म्हंजे साहेबांनी तिच्या तीन खाल्ल्या. जास्ती आपल्याकडंच जेवले. सांगा, साहेब, सांगा."

मी आभाळाकडं बघितलं. बांधाच्या त्या टोकाकडून चंद्रकला ताडताड चालत आली.

"कुनाच्या दीड?" चार वर्षांत जावेशी बोललेला तिचा हा पहिला शब्द. "माझी भाकर काय पापडावानी असती व्हय? परात भरून असती माझी भाकर."

किसनरावांचं डोकं बायकोपेक्षा जलद चालत होतं. त्यांनी तिचा हात धरला. "गप बस. लहान असतेत आपल्या."

"काय?"

"लहान असतेत म्हन."

लोकांना हळूहळू उमगलं. चंद्रकलेच्या भाकरी मोठ्या ठरल्या, तर साहेब तिकडं जास्त जेवले, हरकत खरी, वाट गेली. लहान ठरल्या, तर साहेब थोरल्या घरी जास्त जेवले, हरकत खोटी, वाट राहिली. बाईनं आता ठरवायचं होतं, वाट ठेवायची की भाकरी.

चंद्रकलेनं वाटेकडं बघितलं. नवऱ्याकडं बघितलं. शेवटी जावेकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दाढ उपटून घ्यावी तशी ती बोलली.

"व्हय. माझ्या लहानच असतेत."

सरूबाईच्या तोंडावर जिंकल्याचं हसू आलं होतं, ते कुठल्या कुठं गेलं.

"लहान म्हंजे," ती घुटमळली, "लई लहान न्हाई. तुझा हात बारीक हाय ना माय, त्याला तू काय करशील. पातळ मातर लई गुळगुळीत थापती ही. मला न्हाई तशी जमत."

चंद्रकलेनं नाक पुसलं. "तुमच्या बेसनाला कशाचा कूट असतो, बाई? कारळाचा का?"

"शेंगदान्याचा. थोडं कारळ बी."

"तरीच. वास येऊन राहिला होता."

दोघी तिथंच बांधावर बसल्या आणि कारळ किती भाजायचं यावर बोलू लागल्या. गणपतराव आपल्या बायकोकडं बघत राहिले, भर रस्त्यात बसकण मारलेल्या बैलाकडं बघावं तसे. मग गावाकडं बघितलं. लोक हसू दाबून लाल झाले होते. बायकोला खोटं पाडल्याशिवाय हरकत घेता येत नव्हती, आणि रात्रीचं जेवण तिच्याच हातचं होतं.

"आना तो कागद," ते म्हणाले आणि सही केली. रहीमभाई बांधामागं जाऊन पोट धरून हसले. मला हसायची परवानगी नव्हती, म्हणून मी साखळी गुंडाळत बसलो.

ऑफिसात इन्स्पेक्टर साहेबांनी कागद उलटापालटा करून बघितला.

"हरकत नाही?"

"नाही, साहेब."

"कशी मिटली?"

"भाकरीच्या आकारावर."

साहेबांनी चष्मा काढला, परत लावला आणि कागद फायलीत टाकला. त्या पावसाळ्याआधी मी कन्फर्म झालो.

वर्षभरानं त्याच गावात दुसऱ्याच कुणाची मोजणी निघाली. या खेपेला दोन भावांचं भांडण नव्हतं. ज्यांची मोजणी होती त्यांनी ओट्यावर बसवलं, चहा वरून माझ्या गिलासात ओतला. मी गिलास तोंडाला लावला. वाटलं, ठीकच आहे, भांडण मिटलं की मानही मिटतो.

चहा अर्धा झाला होता तेवढ्यात सरूबाई रस्त्यावरून जाताना दिसली. डोक्यावर सरपण होतं. ती थांबली. ओट्याकडं बघितलं, माझ्या गिलासाकडं बघितलं.

"तिथं कशाला बसले, साहेब? घर माहीत न्हाई व्हय?" ती मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "चला. बेसन टाकते."

मी गेलो. चुलीपाशी तीच जागा होती. तिला या खेपेला कुणाला हरवायचं नव्हतं, गणपतराव तर घरी पण नव्हते. मी किती भाकरी खाल्ल्या ते तिनं मोजलं नाही आणि मीही मोजलं नाही. उठताना विचारलं तिनं, "कसं झालं?" आणि मी सवयीनं "बरं हाय" म्हणून मोकळा झालो. रस्त्याला लागल्यावर स्वतःचाच राग आला.

पुढं नवीन सर्व्हेअर आले की मी त्यांना सांगायचो, साखळी नंतर टाका, जेवायचं कुठं ते आधी ठरवा, आणि स्वयंपाकावर मत देऊ नका. आता मी पेन्शनवर आहे. पेन्शनरच्या जेवणावर कुणी हरकत घेत नाही. तेव्हा सांगून टाकतो: पिठलं सरूबाईचंच भारी होतं.