पांढरा जरा जास्त

मरोळच्या चित्रकलेच्या क्लासात सरांनी पहिल्याच दिवशी माझी रंगपेटी बंद करायला लावली. "फक्त तपकिरी आणि पांढरा. माणूस रंगवायचाय ना? मग आधी उजेड कुठून येतो ते बघा." माझा पारा चढला. रिटायर झाल्यावर हौसेने एवढ्या महागड्या ट्यूबा आणल्या, त्यांचं काय लोणचं घालू?

पण त्या दोन रंगांनी मला वेडच लावलं. कॅनव्हास सगळा तपकिरी रंगाने माखायचा आणि मग फडक्याने पुसत जायचं. जिथे पुसाल तिथे उजेड. आईला खिडकीशेजारी बसवलं, डोळे किलकिले केले, आणि पुसता पुसता तिचं नाक निघालं, गालाचं हाड निघालं, हनुवटीवरची खळीसुद्धा निघाली! मी एकटीच "झकास!" म्हणून ओरडले. तिच्या वाढदिवसाला हॉलमध्ये लावायचं असं ठरवूनच टाकलं.

आईने चित्र पाहिलं आणि तोंड फिरवलं. "अगो, जित्या माणसाक असा भिंतीर टांगतत? आता हार तेवढो घालूचो रवलो!"

वाट लागली! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या हॉलमध्ये बिनरंगाची तसबीर एकच, बाबांची. मी शाळेत असताना ते गेले, तेव्हापासून चंदनाचा हार घालून टीव्हीच्या वर बसलेत. आमच्याकडे जिवंत माणसं रंगीत असतात.

"अगं, आर्ट आहे ते," मी चिडून म्हटलं.

"आर्ट तुझ्या खोलीत लाव."

चित्र कपाटामागे गेलं. मला रडूच आलं. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी जमलं होतं, आणि जिच्यासाठी केलं तिलाच ते नको होतं.

एका दुपारी बाजारातून आले, तर आईने चित्र बाहेर काढून बाबांच्या तसबिरीखाली उभं केलेलं. एकदा वर बघत होती, एकदा खाली.

"ह्येंका माझ्या बाजूक बसव," ती म्हणाली. "आमचो दोघांचो येक पण फोटो नाय. हयसर रंग तरी सारखो दिसता."

लग्नाचे फोटो होते, ते गावच्या घराच्या गळक्या छपराने कधीच खाल्ले. मी चित्रातली खिडकी माखून टाकली आणि तिथे बाबांना बसवलं. आई शेजारी बसून हुकूम सोडत होती. मिशी बारीक कर, कॉलर नीट कर. नव्या नवरीसारखी हसत होती नुसती.

चित्र झालं आणि ती जवळ जाऊन निरखायला लागली. "ह्ये तर माझे झील दिसतत गो."

खरंच की. सुरकुतलेल्या आईशेजारी काळ्याभोर केसांचे बाबा तिचा मुलगाच वाटत होते. आईने पांढरी ट्यूब माझ्या हातात दिली.

"घाल ह्येंच्या केसांत. माझ्यावांगडा म्हातारे होऊंदेत."

मी कानशिलांपासून सुरुवात केली. "अजून थोडो," आई म्हणायची, "अजून." मी रडतही होते आणि हसतही होते.

आता तेच चित्र टीव्हीच्या वर आहे. जुनी तसबीर खाली उतरवली, तेव्हा चंदनाच्या हाराचं काय करू म्हणून मी विचारलं.

"ठेव खंय तरी," आई म्हणाली. "दोघां जोडीन म्हातारी झालंव, आता हार कित्याक?"