गुरुजींना सांगायचं नाही

ज्योतीराम गुरुजींना खोटं बोलायला सांगितलं तर त्यांची जीभ अडखळेल, असं सगळी वाडी म्हणायची. गाव किती भोळं असतं बघा!

चाकणच्या पुढं, भामा नदीच्या अंगाला असलेल्या त्या वाडीत गुरुजींनी उभा जन्म काढला. शाळा एकशिक्षकी. वर्ग चार, मास्तर एक, आणि पोरं गुरांमागं माळावर पांगलेली. गुरुजी सकाळी हातात घंटा घेऊन बांधाबांधानं फिरायचे आणि पोरं गोळा करून आणायचे. दारात घंटा वाजली की आईबापांना पोर लपवायची सोय उरत नसे. मारकुटे नव्हते ते. पण खोटं सापडलं की त्यांची एक अजब शिक्षा होती. त्या पोराला ते स्वतःच्या खुर्चीवर बसवायचे आणि आपण खाली बस्करावर बसायचे. "तू माझ्यापेक्षा हुशार झालास, बाबा. आता तूच शिकव," म्हणायचे. संध्याकाळपर्यंत त्या खुर्चीत बसून पोर रडकुंडीला यायचं. छडी परवडली पण गुरुजींची खुर्ची नको, असं त्यांचे जुने विद्यार्थी अजून सांगतात. त्यातले कितीतरी आता कंपन्यांतून सुपरवायझर होऊन रिटायरही झालेत.

बायको गवराबाई लवकर गेली. गणराज तेव्हा नुकता रांगायला लागलेला. लोकांनी दुसरं लग्न सुचवून सुचवून डोकं खाल्लं. गुरुजींनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून पोराला कडेवर घेऊन शाळेत जायला लागले. न्हाऊमाखू घालण्यापासून दृष्ट काढण्यापर्यंत सगळं केलं. तोच पोरगा पहिलीत आला तेव्हा मात्र वर्गात लाड नाहीत. "गणराज ज्योतीराम!" अशी खणखणीत हाक मारायची आणि त्यानं इतरांसारखं उठून "हजर, गुरुजी" म्हणायचं. चार वर्षांत त्या पोराचा एक खाडा नाही. होणार कसा, बापाचंच बोट धरून यायचा ना!

हा गणराज गेल्या वर्षी शिमग्यानंतर सेकंड शिफ्ट करून मोटारसायकलवरून घरी येत होता. तळेगाव रस्त्यावर कंटेनरखाली गेला. रिटायरमेंटला टेकलेला माणूस, हेल्मेटसकट गेला. काय करणार!

गुरुजी तेव्हा पिंपरीत दवाखान्यात होते. खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेलं. डॉक्टर म्हणाले, हृदय नाजूक आहे, धक्का देऊ नका. झालं. गणराजचे मेहुणे मारुतराव स्मशानातून परततानाच म्हणाले, "नानांना सांगायचं नाही. कंपनीनं गुजरातच्या प्लांटला पाठवलंय, एवढंच म्हणायचं." रडून रडून कुणाच्या अंगात वाद घालायचं बळ नव्हतं. सगळ्यांनी माना हलवल्या. चौथ्या दिवशी गुरुजींना घरी आणलं, मागच्या खोलीत खाटेवर निजवलं, आणि नाटक सुरू झालं.

सगळ्यात अवघड वाटा सुनेचा, मंजुळाबाईंचा. सासऱ्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, पण जवळ गेलं की कपाळावरचा लाल ठिपका त्यांना दिसायचा. म्हणून त्यांच्या खोलीत जाण्याआधी मंजुळाबाई दारामागच्या कोनाड्यातून डबी काढायच्या, कुंकू लावायच्या, हिरव्या बांगड्या चढवायच्या, गळ्यात मंगळसूत्र घालायच्या. बाहेर आल्या की पदरानं कपाळ पुसायच्या. चहाला तेच, औषधाला तेच, जेवणाला तेच. शेजारच्या केसरबाई एकदा कुजबुजल्याच, "मंजुळे, बरं दिसत न्हाई गं हे. शास्त्राला धरून न्हाई." मंजुळाबाईंनी डबी कोनाड्यात ठेवली आणि भाकरी थापायला बसल्या.

गणराजची लेक स्वरूपा हे सगळं बघायची. तिचा भाऊ सुजित, त्याचा आवाज थेट बापासारखा. तो गच्चीवर जाऊन फोन लावायचा. "नाना, मी गणू. इकडं लई काम आहे." खाली गुरुजी फोन कानाला धरून म्हणायचे, "जेवणाचे हाल करू नकोस." फोन ठेवून सुजित गच्चीवरच बसून राहायचा.

आणि मग गुरुपौर्णिमा आली.

दरवर्षी या दिवशी गुरुजींकडं रीघ लागायची. रावेतहून, कासारवाडीहून, देहूहून माणसं यायची. कुणी नारळ, कुणी शाल, कुणी नुसतंच डोकं पायावर. यांना अडवणार कसं? आणि नाही अडवलं तर त्यातला एखादा तरी "गणराजचं फार वाईट झालं, गुरुजी" म्हणणारच. कुणी सांत्वन करायचं राहतं का आपल्याकडं! स्वरूपानं कंपनीत रजा टाकली आणि सकाळपासून फाटकात उभी राहिली. येईल त्याला हात जोडायची. "काका, नानांना बाबांचं माहीत नाही. पाया पडतेय तुमच्या, एक शब्द काढू नका. त्यांचं हृदय तेवढ्यानं बंद पडेल." मोठमोठी माणसं फाटकातच ढसाढसा रडायची, अंगणातल्या नळावर तोंड धुवायची, आणि हसऱ्या तोंडानं आत जायची. दुपारपर्यंत स्वरूपाचा घसा बसला. बाप गेला हे तिला त्या एका दिवसात कितीदा सांगावं लागलं! प्रत्येक वेळी वाटायचं, आता आपल्याच्यानं होणार नाही. तरी पुढची गाडी थांबली की ती पुन्हा हात जोडायची.

पण धोंडीबा धनगर फाटकातून आला नाही. तो आणि गणराज एका बस्करावर बसलेले. लहानपणी उशीर झाला की गोठ्यातून मागच्या दारानं घुसायची त्याची सवय, ती साठी आली तरी सुटली नव्हती. मेंढरं घेऊन तो कोकणात गेलेला, वर आला आणि गणराज गेल्याचं कळलं. नाटकाचं त्याला कोण सांगणार? माळावर हाका मारून मारून मोठा झालेला त्याचा आवाज स्वरूपाला फाटकापर्यंत ऐकू आला.

"गुरुजी! आपला गणू गेला वो!"

स्वरूपा धावत सुटली. ओटी, माजघर ओलांडून मागच्या खोलीच्या दाराशी आली. आता नाना छाती धरून पडलेले दिसणार. तिनं चौकट धरली.

आत गुरुजी उशीला टेकून बसले होते. धोंडीबाचा हात त्यांनी घट्ट धरला होता.

"हळू बोल, धोंडीबा," ते म्हणत होते. "बाहेर सूनबाई आहे. तिला वाटतं मला माहीत नाही."

धोंडीबा खाटेशी खाली बसला. "कुणी सांगितलं तुमास्नी?"

"सांगायला कशाला लागतंय? दवाखान्यातून आणलं, तर घरात फोडणीचा वास नाही. देवाची घंटा नाही. ताटात येतंय ते केसरबाईच्या हातचं, तिखटजाळ. सुतकाचं घर मला ओळखू येत नाही होय?"

स्वरूपानं पदर नव्हता म्हणून ओढणी तोंडावर दाबली. खरंच की! सगळ्यांनी सगळं ठरवलं होतं. खोटं बोलायला जिभा तयार झाल्या, पण सुतकात मोहरी तडतडवायला एकाचाही हात धजला नव्हता. तसं करायचं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"मग पडल्या पडल्या मनातल्या मनात हजेरी घेतली," गुरुजी म्हणाले. "सूनबाई हजर. स्वरूपा हजर. सुजित हजर, पण जन्मात टोपी न घातलेला पोरगा टोपी घालून पाया पडायला आला. राहिलं एक नाव. ते पुकारायला धीर होईना. शेवटी पुकारलं रे. कुणी उठलंच नाही."

"आन् ह्ये येकटंच गिळत बसलाव? बोलायचं तरी!"

"बोललो तर त्या घटकेला तिचं कपाळ पांढरं होईल. दारामागं थांबून बांगड्या चढवते, त्या मला ऐकू येतात. या खोलीत येते तेवढ्यापुरता तिचा नवरा जिवंत असतो. माझ्या हातानं कसा मारू त्याला?" गुरुजींचा आवाज फाटला. "जन्मभर पोरांना खुर्चीत बसवलं मी. आता स्वतःच बसलोय. उतरता येत नाही, धोंडीबा."

आणि त्यांनी उशीचा टॉवेल तोंडात कोंबला आणि रडायला लागले. आवाज न करता रडायची त्यांना चांगलीच सवय झालेली दिसत होती. एवढे महिने ते असेच रडत असणार, भिंतीपलीकडं सगळे झोपलेत असं समजून. स्वरूपाला वाटलं, आत जावं, त्यांना कवटाळावं, ओरडून सगळ्या घराला सांगावं. पण मग आईचं काय? आणि नाही सांगितलं तर नानांचं काय?

मागून बांगड्यांचा आवाज आला. मंजुळाबाई चहा घेऊन येत होत्या. कपाळावर कुंकू, चेहरा ठीकठाक केलेला. लेकीला दारात बघून त्यांनी नजरेनंच विचारलं, काय गं? स्वरूपा बाजूला सरकली.

आत गुरुजींनी टॉवेलनं तोंड पुसलं. "सूनबाई, गणूचा फोन आला का गं?"

"आला होता ना, नाना. तुम्ही गोळ्या घेतल्या का, विचारत होता."

"घेतल्या म्हणावं. आणि म्हणावं, जिवाला जप."

गुरुजी घटस्थापनेच्या आधी गेले, झोपेत. आळी गोळा झाली. मंजुळाबाई त्यांच्या उशाशी होत्या, सकाळचा चहा घेऊन आलेल्या. बायका आत शिरताना दिसल्या तशा त्या दचकल्या आणि त्यांनी पहिल्यांदा काय केलं, तर हातानं कपाळ झाकून घेतलं. केसरबाई पुढं झाल्या. "पुस गं बाई आता. आता कुणासाठी?" म्हणत त्यांनी पदर पुढं केला.

स्वरूपानं त्यांचं मनगट धरलं.

"हात लावायचा नाही. ते नानांनी राखलंय."

"नानांनी?" मंजुळाबाई म्हणाल्या.

"त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आई."

मंजुळाबाई सासऱ्यांच्या तोंडाकडं बघत राहिल्या. कपाळावरचा हात हळूहळू खाली आला. गुरुजींना दवाखान्यातून आणल्यापासून त्या घरात कुणी मोठ्यानं रडलं नव्हतं. आता त्या रडल्या, दोघांसाठी, आणि तो आवाज पार नदीपर्यंत गेला.