टब आणि आईचं "पडला"
कपाट आवरताना क्षारांनी पांढरा पडलेला जुना हीटर हाती लागला आणि जवाहर नगरमधल्या माझ्या घराच्या गच्चीवरची ती थंडगार सकाळ आठवली. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर कोल्हापूरहून आलेल्या आईसाठी मी तिथे विजेवर चालणारा गरम पाण्याचा टब घेतला होता, पण तो लावला की ब्रेकर पडायचा आणि वीज जायची. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "मैडम, बड़ा ब्रेकर लगवा लो." मी साफ नाही म्हटलं, ब्रेकर उगाच पडत नाही. मग आई शाल गुंडाळून खाली बोर्डापाशी बसली. मी वर टबचा एक भाग सोडवून हाक मारायचे, ती ब्रेकर वर करून सांगायची, "पडला." बुडबुडे काढणारा ब्लोअर सोडवला, तरी "पडला." पंप सोडवला. "पडला गं. राहू दे, मी बादलीत पाय शेकते." मी हट्टानं हीटरच्या वायरी काढल्या आणि हाक मारली. खालून काहीच आलं नाही. धावत गेले तर आई ब्रेकरकडे टक लावून, श्वास रोखून बसलेली, जणू बोलली तर तो पडेल. नवा हीटर बसवला आणि त्याच संध्याकाळी ती गळ्यापर्यंत पाण्यात बसली. परवा फोनवर मी नोकरीचं रडगाणं लावलं, तर कोल्हापूरहून आई शांतपणे म्हणाली, "एकेक वायर काढून बघ."